नसबंदी : धास्ती कशाची?

चिंचोळी एमआयडीसीतील कामगार जोडपी माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा शस्त्रक्रिया बायकोचीच करायची हे घरीच ठरलेले असते. (सासूबाईंचे मत घेऊन; सुनेला विचारतो कोण?) नवरा दुखण्याला भीत नाही. 'ओझे उचलता येईल का?' आणि मग हळूच, 'मर्दपणा जाईल का?' ही त्याची धास्ती. नळी बंद केली तरी पुरुषत्वाचे संप्रेरक थेट रक्तात मिसळते. ताकद घटत नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील विवाहितांमध्ये स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी अवघी ०.३! बिनटाक्याची ही शस्त्रक्रिया जागा बधिर करून काही मिनिटांत होते. आठवडाभर जड ओझे टाळावे. तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करावी; शुक्रजंतू नाहीत असा निर्वाळा मिळेपर्यंत निरोध सोडू नये.