डोंगरवाटेची सायकल-सहल : तयारी आणि तारतम्य

तंजावर हे नगर जसे बृहदीश्वराच्या मंदिरामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे प्रसिद्ध आहे, तसेच ते एकेकाळी प्रवाशांची काळजी वाहणारे नगर म्हणूनही ओळखले जात होते. भोसले राजघराण्याने रामेश्वरच्या यात्रामार्गावर अनेक छत्रे उभारली. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळा व अन्नछत्र. तंजावरपासून सुमारे वीस-बावीस किलोमीटरवर ओरत्तनाडू येथे सरफोजीराजे (दुसरे) यांनी १८०२ साली मुक्तांबाळ छत्र स्थापन केले. पायी चालणाऱ्याची ही साधारण एका दिवसाची मजल होय.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. छत्रांचे कार्य तरी अखंड चालावे, अशी सरफोजीराजांची इच्छा होती. १८०१ साली इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांतील व्यवस्था सांगितली आहे. तेथे सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले नाही ना, याची खात्री केली जाई. आजारी प्रवाशाला बरे वाटेपर्यंत औषध व पथ्याचे अन्न दिले जाई. पावसात अडकलेल्यांना थांबण्यास जागा असे. पुढे १८२० साली स्वतः सरफोजीराजे काशीयात्रेस निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे तीन हजार माणसे होती.

एवढ्या मोठ्या यात्रेचे नियोजन असो वा चार मित्रांची सहल असो, मूळ प्रश्न तेच राहतात. दिवसाची मजल किती असावी? पाणी व अन्न कोठे मिळेल? कोणी आजारी पडल्यास काय करावे? उन्हाळ्याच्या सुटीत सायकलने डोंगर चढू पाहणाऱ्यांनी हे प्रश्न घर सोडण्यापूर्वीच सोडविले पाहिजेत.

डोंगरी सायकलचा उगम

खडकाळ व चढउताराच्या वाटांवर सायकल चालविण्याचा छंद आज जगभर पसरला आहे. त्याचा आधुनिक उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या मरिन परगण्यात झाला. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली येत असत. १९७६ पासून त्यांनी ‘रिपॅक’ नावाच्या उतारावर शर्यती घेण्यास सुरुवात केली. या नावामागील कारण बोधप्रद आहे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. तीव्र उतारावर तो इतका तापे, की आतील ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर तुंब्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. नव्याने भरणे म्हणजेच ‘रिपॅक’. हा खेळ १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला. मात्र उतारावर ब्रेक तापतो, हा त्याच्या जन्मकाळचा धडा आजही तितकाच खरा आहे.

ठिकाणाची निवड

तंजावर हे कावेरीच्या सपाट खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटर उंचीवर वसले आहे. येथील सायकलस्वाराला रोजच्या व्यवहारात चढणीचा सराव होत नाही. त्यामुळे पहिल्याच सहलीसाठी हिमालय निवडणे शहाणपणाचे नव्हे. तुलनेने जवळचा पर्याय म्हणजे नामक्कल जिल्ह्यातील कोल्ली मलै. ‘मलै’ या तमिळ शब्दाचा अर्थ डोंगर. सुमारे १००० ते १३०० मीटर उंचीच्या या डोंगराळ पठारावर अरपळीश्वराचे मंदिर आणि आकाशगंगा धबधबा आहे. संघम साहित्यात वाखाणलेला धनुर्धर वल्विल ओरी हा याच प्रदेशाचा अधिपती होता. पायथ्याच्या कारवल्लीपासून वर जाणाऱ्या घाटरस्त्यावर सत्तर हेअरपिन वळणे आहेत. रस्ता पक्का आहे, वाटेत वस्ती आहे आणि बसही जाते. म्हणजेच एखाद्याची शक्ती संपली, तर परतण्याचा मार्ग खुला राहतो. नवख्यांनी ठिकाण निवडताना ही बाब सर्वप्रथम पाहावी.

ऋतू आणि वेळ

प्रत्येक डोंगराचा स्वतःचा ऋतू असतो. युरोपातील आल्प्स पर्वताच्या उंच वाटांवर जूनपर्यंत बर्फ असू शकते. म्हणून तेथील सायकलस्वार जुलै ते सप्टेंबर हा काळ पसंत करतात. उन्हाळ्यात तेथे दुपारनंतर विजांसह वादळे येतात. त्यामुळे उंचावरचा टप्पा सकाळीच आटोपावा, असा संकेत आहे.

तमिळ प्रदेशात अडचण वेगळी असली, तरी उपाय तोच आहे. मे महिन्यातील ‘अग्निनक्षत्रम्’ या काळात सपाटीवर पारा अनेकदा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जातो. उंची दर हजार मीटरनी वाढली, की तापमान साधारणपणे सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. डोंगरमाथा सुखद असला, तरी तेथे पोहोचण्याची वाट तापलेली असते. शिवाय एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाच्या सरी कोसळू शकतात. म्हणून पहाटे पाचला निघावे आणि दहा-साडेदहापर्यंत दिवसाची मजल पुरी करावी. उरलेला दिवस विश्रांतीसाठी व सायकलच्या देखभालीसाठी ठेवावा.

मजलीचा हिशेब

तंजावर ते तिरुचिरापल्ली हे अंतर सुमारे ५५ ते ६० किलोमीटर आहे. पुढे कावेरीच्या उत्तर काठाने मुसिरीमार्गे नामक्कल सुमारे ८५ किलोमीटर पडते. सराव नसलेल्यांनी तिरुचिरापल्ली, मुसिरी व नामक्कल असे तीन मुक्काम करावेत आणि चौथ्या दिवशी घाट चढावा. रजा थोडी असल्यास सपाटीचा भाग रेल्वेने पार करता येतो. सायकल मालडब्यातून नेण्यासाठी स्थानकावरील पार्सल कार्यालयात आधी चौकशी करून नोंद करावी.

सपाटीवरील मजल किलोमीटरमध्ये मोजतात. डोंगरावरची मजल चढणीच्या मीटरमध्ये मोजावी लागते. समजा, स्वाराचे वजन ६५ किलो, सायकलचे १५ किलो आणि सामानाचे ५ किलो आहे. हे ८५ किलो वजन १००० मीटर उंच नेण्यास सुमारे ८ लाख ३३ हजार जूल ऊर्जा लागते. सर्वसाधारण निरोगी माणूस दीर्घकाळ सुमारे १०० वॅट शक्तीने पॅडल मारू शकतो. या हिशेबाने केवळ उंची गाठण्यासच दोन तास वीस मिनिटे लागतात. रस्त्याचे घर्षण आणि विसावे धरल्यास हा वेळ तीन ते साडेतीन तासांवर जातो. सामानात ५ किलोंची भर पडली, तर आठ मिनिटे वाढतात. म्हणून ‘असू द्यावे’ म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू घाटात आपली किंमत वसूल करते.

सहलीपूर्वी किमान सहा आठवडे सराव करावा. तंजावरात चढण नसली, तरी उड्डाणपुलावर वारंवार चढउतार करता येतो. आठवड्यातून तीन दिवस एक तास आणि सुटीच्या दिवशी तीन तास सायकल चालवावी. हळूहळू सामानही लादावे. छातीत दुखणे, धाप लागणे, रक्तदाब वा मधुमेह असल्यास वैद्यकीय सल्ला घेतल्याशिवाय घाट चढू नये.

सायकलची सिद्धता

चढणीसाठी पुढचे दातेरी चाक लहान आणि मागचे मोठे असलेला गिअर उपयोगी पडतो. त्यामुळे वेग कमी होतो, पण गुडघ्यांवरील ताण हलका होतो. गिअर नसलेल्या साध्या सायकलनेही ही सहल करता येते. तीव्र वळणांवर उतरून सायकल ढकलत नेण्यात कोणताही कमीपणा नाही.

निघण्यापूर्वी आठ दिवस सायकल तपासून घ्यावी. ब्रेकचे रबर झिजले असल्यास बदलावे, तारा सुटलेल्या नाहीत हे पाहावे, चेनला तेल द्यावे. आयत्या वेळी नवे सुटे भाग बसवू नयेत. त्यांचा दोष रस्त्यावरच उघड होतो. बरोबर दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, हवेचा पंप, पान्हे, ब्रेकचे जादा रबर आणि दोरी असावी. गटातील किमान दोघांना पंक्चर काढता आले पाहिजे. डोक्याला हेल्मेट आणि पहाटेच्या अंधारासाठी पुढे-मागे दिवे हवेत.

पाणी, अन्न आणि औषध

उन्हात श्रम करताना ताशी अर्धा ते एक लिटर पाणी लागू शकते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे. घामावाटे क्षारही जातात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून केलेले पेय उपयुक्त ठरते. येथे चहाचा चमचा गृहीत धरला आहे. केळी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, इडली, दहीभात हे पदार्थ पचायला सोपे आणि वाटेत सहज मिळणारे आहेत.

चक्कर, मळमळ, तीव्र डोकेदुखी, असंबद्ध बोलणे ही उष्माघाताची चिन्हे असू शकतात. अशा वेळी रुग्णाला तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

एकट्याने डोंगरात जाऊ नये. मार्गाचा, मुक्कामांचा आणि परतण्याच्या दिवसाचा तपशील कागदावर लिहून घरी ठेवावा. गटाचा वेग सर्वांत मंद स्वाराच्या वेगाइतका असावा आणि शेवटी एक अनुभवी स्वार असावा.

उतार : खरी परीक्षा

चढण माणसाला दमविते; अपघात मात्र बहुधा उतारावर होतात. चढताना खर्चिलेली ८ लाख ३३ हजार जूल ऊर्जा उतरताना परत मिळते. तिचा काही भाग हवेच्या विरोधात खर्च होतो, बराचसा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने साठतो. एवढ्या ऊर्जेने अडीच लिटर पाणी उकळबिंदूपर्यंत तापू शकते. ब्रेक सतत दाबून धरला, तर रिम तापते, ट्यूबवरचे ठिगळ सुटू शकते आणि ब्रेकची पकड कमी होते.

यासाठी वळण येण्यापूर्वीच वेग कमी करावा. दोन्ही ब्रेक वापरावेत आणि ते अधूनमधून मोकळे सोडावेत. केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबल्यास स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. दर दहा वळणांनंतर थांबून रिम थंड होऊ द्यावी. मात्र तापलेल्या रिमला हात लावू नये. रस्ता अरुंद असेल तेथे खाली येणाऱ्याने वर चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, हा घाटाचा नियम आहे. पाऊस पडत असेल, तर उतरणे पुढे ढकलावे. रात्रीच्या अंधारात घाट उतरू नये.

डोंगर हे कोणाचे तरी घर

कोल्ली मलैवर मलयाळी या आदिवासी समाजाची वस्ती आहे. भात, मिरी, कॉफी, अननस व फणस यांबरोबरच नाचणी, वरी, राळा यांसारखी भरड धान्ये तेथे परंपरेने पिकविली जातात. शेताच्या बांधावरून सायकल नेल्यास माती ढासळते आणि पहिल्याच पावसात ती वाहून जाते. म्हणून शेतातील पायवाटांवर शेतकऱ्याची, तर वनातील वाटांवर वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये. प्लास्टिकचा कचरा खाली परत आणावा. मुक्कामी स्थानिक घरगुती भोजन घेतल्यास प्रवाशाची भूक भागते आणि गावाच्या हाती चार पैसे पडतात.

अधिक उंचीकडे जाताना

असा अनुभव पदरी आल्यावर मनाली ते लेह यांसारख्या मार्गाचा विचार करता येईल. तेथील तंगलांग ला ही खिंड ५३०० मीटरहून उंच आहे. सुमारे २५०० मीटरच्या वर हवेतील विरळपणामुळे डोकेदुखी, उलट्या, निद्रानाश असे विकार जडू शकतात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे तज्ज्ञ सांगतात. त्रास वाढत असल्यास खाली उतरणे हाच खरा उपचार होय. तेथे बलदंड शरीरही या नियमातून सुटत नाही.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नियोजन म्हणजे ठरल्याप्रमाणे सर्व घडवून आणण्याचा हट्ट नव्हे. आभाळ भरून आले, सोबत्याला ताप आला किंवा ब्रेक कुरकुरू लागला, तर साठाव्या वळणावरूनही मागे फिरता आले पाहिजे. त्यासाठी एक जादा दिवस, थोडे जादा पैसे आणि बसचे वेळापत्रक हाताशी असावे. डोंगर पुढच्या वर्षीही तेथेच असतो. सर्व सोबत्यांसह सुखरूप घरी परतणे हेच सहलीचे पहिले उद्दिष्ट मानावे.