चोपडी कोणाची?

गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या संध्याकाळी अण्णांच्या दुकानी गेलो, तेव्हा चौरंगावर लाल कापडी बांधणीच्या दोन चोपड्यांशेजारी एक पेनड्राइव्ह ठेवलेला दिसला. त्यालाही कुंकवाचे बोट लावलेले होते. मला हसू आले. अण्णा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "साहेब, खरी चोपडी आता ती आहे. या दोन नुसत्या मानाच्या."

अण्णा हे त्यांचे नाव नव्हे. परंतु धाराशिव जिल्ह्यातील आमच्या तालुक्याचा सारा मोंढा त्यांना अण्णाच म्हणतो, आणि खरे नाव छापायचे नाही या अटीवरच त्यांनी मला लिहू दिले आहे. वय चौऱ्याहत्तर, शिक्षण जुनी अकरावी, व्यवसाय आडतीचा: तूर, हरभरा आणि अलीकडे मुख्यतः सोयाबीन. मी बँकेत अधिकारी असताना त्यांचे कॅश क्रेडिट खाते माझ्याकडे होते. त्यांचे मालतारणाचे पत्रक दर महिन्याला वेळेवर येई आणि सोबत माझ्या बँकेविषयीचे एखादे तिखट मतही येई. मी निवृत्त झालो, मते येणे थांबलेले नाही.

ती मते सोयाबीनच्या भावापासून ई-पीक पाहणीपर्यंत कशावरही असतात. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हा शेतकऱ्यांच्या हाती नोंद आली म्हणून त्यांना आनंद झाला होता. पुढे बांधावर रेंज मिळेना म्हणून माणसे झाडावर चढू लागली, तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, "राज्य कोणत्याही पक्षाचे येवो, सर्व्हर डाऊनच." मात्र या साऱ्या बोलण्याच्या तळाशी एकच प्रश्न असतो. तो त्यांना कोठून मिळाला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अण्णांनी दुकानात संगणक आणला. सोलापूरच्या एका हुशार तरुणाने त्यांना फॉक्सप्रोमध्ये आडतीचा हिशेब बसवून दिला. आवक, काटा, हमाली, तोलाई, पट्टी, खतावणी, सारे एका कळीसरशी निघू लागले. संगणकाच्या मागे, प्रिंटर जोडण्याच्या खाचेत, एक छोटी डबी खोचलेली असे. ती असेल तरच कार्यक्रम चालायचा. अण्णांनी समाधानाने मुनीमजींना रजा दिली आणि चोपड्या लिहिणे थांबवले. "ती माझी पहिली चूक," असे ते आजही म्हणतात.

काही वर्षांनी तो तरुण परदेशी गेला. संगणक जळाला. नव्या संगणकाला ती खाचच नव्हती. पाच-सहा वर्षांचा हिशेब एका मृत यंत्राच्या पोटात राहिला. त्याच सुमारास एक वृद्ध शेतकरी आले आणि म्हणाले, "२००३ च्या तुरीचे ११,४०० रुपये मी मुलीच्या लग्नासाठी दुकानातच जमा ठेवले होते." अण्णांच्या आठवणीप्रमाणे ती रक्कम चुकती झाली होती. शेतकऱ्याजवळची पट्टी पावसात भिजून गेलेली. अण्णांजवळ दाखवायला कागद नाही. शब्दाला शब्द लागला नाही. ते गृहस्थ उठून गेले आणि पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. पुढे त्यांचे निधन झाल्याचे कळले.

२०१९ साली अण्णांचा नातू पुण्याहून सुट्टीला आला. माळ्यावरच्या त्या जुन्या पेटीतील हार्ड डिस्क त्याने काढली, एका जोडणीने आपल्या लॅपटॉपला लावली आणि आतील फाइली लिब्रेऑफिस नावाच्या, कोणालाही विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. कार्यक्रम बंदिस्त होता. परंतु फॉक्सप्रो ज्या पद्धतीच्या फाइली ठेवत असे, त्यांची रचना जगजाहीर होती. म्हणूनच त्या वाचता आल्या. नावे इंग्रजी अक्षरांत, पुढे रकमा. त्या शेतकऱ्याच्या नावापुढे जमा बाकी ११,४००. नावे बाजूस काहीही नाही.

त्या रात्री अण्णांचा मला फोन आला. व्याज कसे लावावे, असे त्यांनी विचारले. मी बँकेचा बचत खात्याचा दर सांगितला. "तो नको," ते म्हणाले, "उचलीवर मी जो घेतो तोच लावतो." दुसऱ्या दिवशी रक्कम घेऊन ते त्या गावी गेले. शेतकऱ्याच्या मुलाने नोटा मोजल्या, आत नेऊन ठेवल्या, चहा दिला. फारसे बोलणे झाले नाही. तो आजही आपले सोयाबीन दुसऱ्याच आडतीवर घालतो.

एवढा वेळ चुकीचे कारण स्वतःची स्मरणशक्ती होते, हे अण्णा नाकारत नाहीत. पण त्यांना खुपते ते निराळेच: "माझ्याच दुकानाची चोपडी वाचायला मला दुसऱ्याची परवानगी लागत होती. मग ती चोपडी कोणाची?"

येथे ‘ओपन सोर्स’ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. सॉफ्टवेअर ही मुळात माणसाने लिहिलेली आज्ञावली असते. बहुतेक कंपन्या ती मूळ आज्ञावली गुप्त ठेवतात आणि केवळ वापरण्याचा परवाना विकतात. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये याउलट चळवळ आरंभली. आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा, हे तिचे सूत्र. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला. आपल्या हातातील अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. ‘ओपन सोर्स’ हा शब्द मात्र १९९८ मधला.

आपल्याकडे या दोन्ही वाटा व्यापाऱ्यांच्याच घरांतून निघाल्या, याचे अण्णांना मोठे कौतुक. बेंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका कापड गिरण्यांना लागणारा माल पुरवत. मनाजोगता हिशेबाचा कार्यक्रम मिळेना, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून पुत्र भरत यांनी तो लिहिला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्योगातून टॅली घडली. मुंबईचे रुषभ मेहता यांच्या घरी फर्निचरचा व्यवसाय. त्यांनाही तयार प्रणाली मानवली नाही, आणि त्यांच्या प्रयत्नांतून ईआरपीनेक्स्ट उभी राहिली. तिची मूळ आज्ञावली आज कोणालाही वाचता येते. एकाने बंद पेटी विकली, दुसऱ्याने पेटी उघडी ठेवून सेवेचे पैसे घेतले. दोन्ही धंदे सचोटीचे, असे अण्णा म्हणतात. आणि येथे मला एक गुपित फोडावे लागेल. जीएसटीचे विवरण अण्णा टॅलीवरच भरतात. त्यांच्या सी.ए.ना दुसरे काही चालत नाही. याविषयी छेडले, तर ते विषय बदलतात.

विषय बदलला की राजकारण येते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या आपल्या देशातील तेल कंपनीवर निर्बंध घातले. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे, हे त्याचे कारण. लागलीच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असतानाही कर्मचाऱ्यांना आपली ईमेल उघडता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. देशभर सहा हजारांहून अधिक पेट्रोल पंप असलेल्या कंपनीची ही अवस्था. अण्णांनी ती बातमी कापून गल्ल्यावरच्या काचेखाली ठेवली आहे. "निर्णय ब्रुसेल्सचा, कुलूप अमेरिकेचे आणि पत्रे गुजरातच्या कारखान्याची. माझ्या डबीचीच ही थोरली बहीण."

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत स्वदेशी सॉफ्टवेअरचा गजर सुरू झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपली ईमेल तमिळनाडूतील झोहो कंपनीच्या सेवेवर नेली. मला वाटले, अण्णा खूष असतील. ते खूषही होते, परंतु अर्धेच. त्यांच्या मते स्वदेशी आणि खुले हे दोन वेगळे गुण आहेत आणि पुढारी त्यांची गल्लत करतात. कुलूप देशी कारागिराचे असले, तरी किल्ली त्याच्याच खिशात असेल, तर आपण बाहेरच. केंद्र सरकारने २०१५ मध्येच शासकीय कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण जाहीर केले होते आणि केरळने शासकीय शाळांतील संगणक लिनक्सवर नेऊन दाखवले, हे ते आवर्जून सांगतात. केरळमध्ये कोणत्या पक्षाचे राज्य, हा प्रश्न त्यांना गौण वाटतो. आमच्या घराण्यातील काही मंडळींना तो गौण वाटत नाही, हा भाग निराळा.

मतदान यंत्रांवरून मात्र आमचा खरा वाद झाला. निवडणुकीत सूक्ष्म निरीक्षक म्हणून मी काम केलेले आहे. सकाळी प्रतिनिधींसमोर होणारे अभिरूप मतदान मी पाहिले आहे. यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते, हेही सांगितले. अण्णांचे म्हणणे असे की, लबाडी होते असा आरोप आपण करत नाही. पण आडत्याने शेतकऱ्याला "काट्यावर विश्वास ठेव" असे सांगून चालत नाही, काटा दाखवावा लागतो. यंत्रातील आज्ञावलीची स्वतंत्र तपासणी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये फेटाळली. उलट जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ साली सांगितले की, तज्ज्ञाच्या मदतीशिवाय सामान्य नागरिकाला पडताळता आली पाहिजे, अशीच मतमोजणी हवी. मी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी पुढे केली. अण्णा म्हणाले, "सात सेकंद." मी अजूनही माझ्या मतावर आहे.

या साऱ्या चर्चेत आपल्या समाजाचा एक इतिहास अण्णा नेहमी आणतात. षट्खंडागमावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीला ताडपत्रांवर, जुन्या कानडी लिपीत राहिली. दर्शन मिळे, वाचन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद शेठ यांच्या खटपटीने नकला सुरू झाल्या. त्या बाहेर नेण्यास मनाई होती. तरी नकलकार गजपती उपाध्याय यांनी केलेली एक गुप्त प्रत सहारनपूरला पोहोचली, आणि प्रतीवरून प्रती निघत गेल्या. प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून धवलेचे सोळा खंड प्रसिद्ध केले. धाराशिवच्या लेण्यांशी निगडित असलेले ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये कारंजाहून संपादित करणारेही तेच. आपल्याच जिल्ह्यातील कुंथलगिरीवर १९५५ मध्ये ज्यांची समाधी झाली, त्या आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हा आगम पुढे ताम्रपटांवर कोरला गेला.

गजपती उपाध्यायांनी केले ते योग्य की अयोग्य? अण्णा क्षणाचाही विलंब न लावता म्हणतात, "योग्य. शास्त्रदान म्हणजे प्रत देणे." माझ्यातील बँक अधिकारी इतका निःशंक नाही. विश्वासाने सोपवलेली वस्तू मालकाच्या संमतीवाचून बाहेर नेणे याला आमच्या सेवानियमांत वेगळा शब्द आहे. पण ती प्रत निघाली नसती, तर माझ्या कपाटातील खंड तेथे नसते, हेही मला ठाऊक आहे.

अण्णांना मी आणखी एका ठिकाणी अडवतो. उघडे ठेवले म्हणजे कोणीतरी पाहतेच, असे नाही. ओपनएसएसएल या खुल्या आज्ञावलीवर जगातील निम्म्या संकेतस्थळांची सुरक्षितता विसंबून होती. तीत ‘हार्टब्लीड’ नावाचे भगदाड सुमारे दोन वर्षे राहिले आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आले. मूठभर माणसे, तीही तुटपुंज्या पैशावर, तो डोलारा सांभाळत होती. फुकट मिळते म्हणून कोणी विचारपूस केली नव्हती. अण्णांनी हे मान्य केले. झिरोधा या बेंगळुरूच्या दलाल कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केल्याचे त्यांनी नातवाकडून ऐकले होते. तेव्हापासून लिब्रेऑफिसच्या संस्थेला तेही दरवर्षी काही रक्कम पाठवतात. किती, ते त्यांनी सांगितले नाही.

१९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर आमच्या बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तेव्हा आम्ही तरुण अधिकारी जुन्या खातेवह्या तळघरात टाकायला उतावीळ झालो होतो. पण एक जुनी शिस्त बँकेने सोडली नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे, आणि दुसरा जोड दुसऱ्या शाखेत, मोहोरबंद. हे मी एकदा सहज बोलून गेलो आणि अण्णांनी तेथल्या तेथे मला आपली ‘दुसरी शाखा’ नेमले.

तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा हमाल एक पाकीट घेऊन येतो. आत पेनड्राइव्ह. टॅलीतून काढलेला त्या महिन्याचा सारा हिशेब त्यावर साध्या तक्त्यात उतरवलेला असतो. कोणत्याही संगणकावर उघडावा असा. मी तो माझ्या जुन्या लॅपटॉपवर उघडतो, कोणत्याही पाच खात्यांची बाकी वाचून अण्णांना फोनवर सांगतो, आणि ते समोरच्या पट्ट्यांशी ताडून पाहतात. गेल्या महिन्यात एका खात्यात चाळीस रुपयांचा फरक निघाला. तो हमालीचा होता. दुपारपर्यंत तो सापडला.