जठराचा कॅन्सर हाडात जातो तेव्हा

पाठ्यपुस्तक उघडलं की जठराच्या कॅन्सरच्या पसरण्याच्या जागा ठरलेल्या असतात: लसीका ग्रंथी, यकृत, पेरिटोनियम म्हणजे पोटाचं आतलं आवरण. हाडं यादीच्या शेवटी. रक्तवाहिन्यांचा नकाशा पाहिला तर हे पटतंही, कारण जठरातलं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं. सुटलेल्या पेशींना पहिली चाळणी तिथेच लागते. मग काही रुग्णांत यकृत स्वच्छ आणि मणक्यांत मात्र कॅन्सर, असं कसं?

एक उत्तर 1940 मध्ये बॅटसन यांनी दिलं. मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. आपण खोकलो, कुंथलो की पोटातला दाब वाढतो आणि रक्त या आडवाटेने जाऊ शकतं.

पण वाट असली म्हणजे वस्ती होतेच असं नाही. 1889 मध्ये स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू झालेल्या 735 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी 241 जणींना, प्लीहेत फक्त 17. रक्त तर प्लीहेलाही भरपूर मिळतं! त्यावरून त्यांनी 'बी आणि माती'ची कल्पना मांडली.

हाडाची माती खरंच सुपीक असते. कॅन्सरच्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड खाणाऱ्या पेशींना उठवतात. हाड झिजलं की त्यात साठलेले टीजीएफ-बीटासारखे वाढघटक मोकळे होतात आणि ते परत कॅन्सरलाच खत घालतात. झोलेड्रॉनिक ॲसिड आणि डेनोसुमॅब ही औषधं हे चक्र मंदावतात. मात्र एक लक्षात ठेवा, हे चित्र मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरच्या अभ्यासातून आलंय. जठराच्या पेपरात ते बिनधास्त उसनं घेतलेलं दिसतं.

जठरात हाडाकडे जास्त ओढा असतो तो विखुरलेल्या प्रकाराचा (लॉरेन यांच्या 1965 च्या वर्गीकरणातला 'डिफ्यूज'), विशेषतः सिग्नेट रिंग पेशींचा. या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. त्या अस्थिमज्जेत पसरल्या तर प्लेटलेट घसरतात, रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि रुग्णाकडे वेळ फार थोडा उरतो.

आता आकड्यांचं. दवाखान्यातल्या नोंदींत हाडात पसरलेले रुग्ण मोजके, शवविच्छेदनात त्याहून बरेच जास्त. कारण साधं आहे. जठराच्या कॅन्सरमध्ये सरसकट बोन स्कॅन करत नाहीत. पाठ दुखली किंवा अल्कलाईन फॉस्फटेज वाढलं तरच करतात. म्हणजे ज्यांना दुखत नाही ते मोजलेच जात नाहीत. म्हणून पेपर हातात आला की निष्कर्ष नंतर बघा, आधी पद्धतीच्या भागात जा: स्कॅन कोणाचा केला, कधी, का? सगळ्यांचा स्कॅन करणाऱ्या केंद्रात आजार लवकर सापडतो, त्यामुळे निदानानंतरचे महिने जास्त दिसतात. रुग्ण खरंच जास्त जगला की आपण घड्याळ आधी सुरू केलं, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.