तोफेतून चंद्राकडे

शनिवार-रविवार आला की मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न घरोघर पडतो. त्यातून विज्ञानकथेचे नाव निघाले की वडीलधाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘त्यातले शास्त्र खोटे, पोराच्या डोक्यात भलतेच भरेल.’ दुसरा म्हणतो, ‘छे हो, त्यात लिहिलेले पुढे खरे ठरते!’ श्रोतेहो, मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. का, ते एकाच पुस्तकावरून सांगतो.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८६५ साली चंद्रप्रवासाची कादंबरी लिहिली. १८७० साली तिचा उत्तरार्ध पुस्तकरूपाने आला. मराठीला ही गोष्ट परकी नाही. विसाव्या शतकाच्या तोंडावर ‘केरळकोकिळ’ मासिकाने ती मराठीत आणली, आणि पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मुलांसाठी खुसखुशीत मराठीत उतरवल्या. गोष्ट अशी : अमेरिकेतले यादवी युद्ध संपते आणि तोफांचे शौकीन लोक रिकामे बसतात. करायचे काय? चला, चंद्रावरच गोळा मारू! मग फ्लॉरिडात ९०० फूट लांबीची तोफ जमिनीतच ओततात, आणि ॲल्युमिनियमच्या पोकळ गोळ्यात बसून तीन माणसे निघतात.

१९६८ च्या डिसेंबरात ‘अपोलो ८’ मधून तीन माणसे फ्लॉरिडातूनच निघाली, चंद्राला फेऱ्या घालून पॅसिफिक महासागरात उतरली. व्हर्नचे वीरही तिथेच पडतात! लोकांनी तोंडात बोटे घातली. पण यात भविष्यवाणी थोडी. चंद्र बरोबर डोक्यावर येईल अशी जागा हवी, म्हणून व्हर्नने दक्षिणेचा प्रांत निवडला. अमेरिकी शास्त्रज्ञांना पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा हवा होता, आणि पूर्वेला मोकळा समुद्र. जागा एकाच प्रांतातली, कारणे निराळी.

बरे, तोफेचे काय? पृथ्वी सोडून जायला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग लागतो. हा आकडा व्हर्नला ठाऊक होता आणि त्याने तो दिलाही आहे. आता मुलाला कागद-पेन्सिल द्या. हा सगळा वेग ९०० फुटांत, म्हणजे सुमारे २७४ मीटरांत यायचा. नळीतून बाहेर पडायला लागणारा वेळ निघतो सेकंदाचा विसावा भाग, आणि आतल्या माणसाला आपले वजन सुमारे बावीस हजार पटींनी वाढल्यासारखे वाटेल. तीस किलोचा मुलगा साडेसहाशे टनांचा! व्हर्नने धक्का सोसण्यासाठी गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी केली आहे. तिचा काडीचाही उपयोग नाही. अपोलोच्या प्रवाशांनी हाच भार जास्तीत जास्त सुमारे चौपट सोसला, कारण अग्निबाणाने वेग हळूहळू, बारा-एक मिनिटे घेऊन चढवत त्यांना पृथ्वीभोवतीच्या कक्षेत नेले.

हे गणित हरमान ओबर्थ नावाच्या मुलाने खरोखरच केले. व्हर्नची पुस्तके त्याला जवळजवळ पाठ होती, आणि तोफेत माणूस जगणार नाही हे त्याला कळून चुकले. १९२३ साली त्याने अग्निबाणाने अवकाशात जाण्यावर पुस्तक लिहिले. रशियातल्या कालूगा गावचा शाळामास्तर त्सिओल्कोव्हस्की, लहानपणीच्या आजाराने जवळजवळ बहिरा झालेला, तोही व्हर्नचे ऋण मानी. अग्निबाणाचे त्याचे प्रसिद्ध समीकरण १९०३ साली छापले गेले. दोघांनाही व्हर्नने वाट दाखवली, पण तोफ दिली नाही. तोफ तर त्यांनी मोडीतच काढली.

मला स्वतःला याहून आवडतो तो कुत्र्याचा प्रसंग. प्रवासात एक कुत्रा मरतो. प्रवासी झटकन झरोका उघडून त्याला बाहेर टाकतात (हवा फारशी जात नाही म्हणे!) आणि पाहतात तो काय, कुत्रा मागे न पडता गोळ्याबरोबरच चालला आहे. हे अगदी बरोबर आहे. दोघांचा वेग एक, दोघांवरची ओढही सारखीच. पण मग आतली माणसे एवढा वेळ तळावर पाय टेकून उभी कशी? त्यांनीही तरंगायला हवे! व्हर्न त्यांना तरंगवतो ते फक्त पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ समसमान होते तेवढ्याच जागी. एवढी मोठी विसंगती एकाच पुस्तकात! ती मुलाला आपण होऊन सापडली, तर न्यूटन त्याला निम्मा कळला म्हणून समजा. मोठ्यांनी आधी सांगून टाकू नये, एवढे पथ्य पाळावे.

म्हणून खरी अडचण आहे ती संक्षिप्त आवृत्त्यांची. पुष्कळ आवृत्त्यांत आकडे आणि वादविवाद मुलांना जड जातील म्हणून गाळतात आणि नुसती धावपळ ठेवतात. मग पडताळायचे काय? पुस्तक घेताना तोफेची लांबी आणि गोळ्याचा वेग दिला आहे का, एवढे दुकानातच चाळून पाहा. नसेल तर दुसरी प्रत शोधा.

वेल्सची १९०१ ची चंद्रकथा त्या मानाने वेगळी. त्याने गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थच कल्पिला, तेव्हा तिथे त्रैराशिक चालत नाही. तिची गंमत चंद्रावरच्या लोकांच्या समाजात आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह द्यावा. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. ती वाचताना वही-पेन्सिल जवळ असू द्यावी.