चालू घडामोडी आणि घरातला कापूस



मागच्या व्याख्यानानंतर काही विद्यार्थी आम्हाला म्हणाले, "सर, तत्त्वज्ञान झालं, आता एकदा चालू घडामोडींवर बोला. परीक्षा जवळ आल्या." आम्ही हो म्हटलं. पण वर्षभरातल्या शंभर घडामोडींची यादी आज मिळणार नाही, ती तुमच्या मासिकांत आहेच. आज एकच घडामोड घेऊ आणि ती मुळापासून शेंड्यापर्यंत बघू. कारण बातमी माहीत असणं आणि बातमी कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक आम्हाला आमच्या मूर्तिजापुरातच दिसला. अभ्यासिकेत बसणारा एक मुलगा अधूनमधून आमच्याकडे येतो. नाव सांगत नाही. त्याला विचारलं, "कापसावरचं आयात शुल्क किती?" उत्तर आलं, "अकरा टक्के." "माफी कधीपासून कधीपर्यंत?" "१९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर, नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली." दोन्ही उत्तरं बरोबर, दोन्ही गुण पक्के. मग सहज विचारलं, "घरच्या कापसाचं काय केलं?" तर म्हणाला, "बाबांनी दिवाळीतच गावात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन टाकला. बाबा विचारत होते, इकू का ठेवू? मी काय सांगणार, सर?"

बघा, उत्तर पोराच्या वहीत होतं आणि प्रश्न बापाच्या तोंडात होता. एकाच घरात असून दोघांची गाठ पडली नाही. ती कशी पडते, एवढंच आज बघायचं आहे.

घडलं काय?

आधी तो अकराचा आकडा फोडू. २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर ५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर बसला. या दहा टक्क्यांवर पुन्हा १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १ टक्का. असे झाले ११. गंमत बघा, शेतीच्या विकासासाठी म्हणून लावलेला उपकरही या माफीत गेला.

माफी दिली का? कारण दुसरीकडे अमेरिकेत निर्णय झाले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के शुल्क लावलं आणि रशियाकडून तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. एकूण ५० झाले. आपल्या कापडाचं आणि तयार कपड्यांचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक अमेरिका. तिरुप्पूरसारख्या शहरांचं पोट त्यावर चालतं. माल महाग झाला तर गिऱ्हाईक जाणार, म्हणून गिरण्यांना कच्चा माल तरी स्वस्त मिळू द्या, असा सरकारचा विचार. शेतकरी संघटनांनी विरोध केला, की ऐन हंगामाच्या तोंडावर बाहेरचा कापूस आत घेऊ नका.

दोन्ही बाजू नीट ऐका. गिरणीतला कामगारही गरिबाचंच पोर आहे. कधीकधी ते विदर्भातूनच गेलेलं असतं. एका बाजूला खलनायक उभा केला की बातमी सोपी होते, पण कळत मात्र नाही.

न्यूयॉर्क ते मूर्तिजापूर

आता हा ११ टक्क्यांचा आकडा आपल्या वावरात आणू. वही-पेन काढा.

जगाच्या बाजारात रुईचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यांवरून ठरतो आणि तो सेंट प्रति पौंड असा बोलतात. २०२५ मध्ये तो पासष्टच्या आसपास राहिला. एका किलोत साधारण २.२ पौंड, म्हणजे किलोला १ डॉलर ४३ सेंट. डॉलर हिशेबापुरता ८८ रुपये धरला, तर रुई झाली साधारण १२६ रुपये किलो.

तुम्ही मात्र रुई विकत नाही, कापूस विकता. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला, की साधारण ३४ किलो रुई निघते, ६५ किलो सरकी आणि किलोभर घट. ३४ किलो रुईचे १२६ प्रमाणे ४,२८४ रुपये. सरकी हिशेबापुरती ३५ रुपये किलो धरली, तर २,२७५. बेरीज ६,५५९. जहाजाचं भाडं आणि जिनिंगची मजुरी आपण बाजूला ठेवली आहे, कारण आपल्याला अंदाज हवा आहे, व्यापाऱ्याचा हिशेब नको.

आता ११ टक्के शुल्क लावून बघा. परदेशी रुई १४० रुपये किलो पडेल. त्याच ३४ किलोचे झाले ४,७६०, सरकीसह ७,०३५. म्हणजे तुम्ही वहीत लिहिलेले ते ११ टक्के तुमच्या घरच्या कापसात क्विंटलमागे साधारण पावणेपाचशे रुपयांचे आहेत.

आणि हमीभाव? २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१०. आता हे तीन आकडे एकाखाली एक लिहा: ६,५५९, ७,०३५, ८,११०. काय दिसतं? शुल्क असलं तरी आणि नसलं तरी जगाचा भाव २०२५ मध्ये हमीभावाच्या खालीच होता. खुल्या बाजाराने ८,११० गाठायचे, तर शुल्क नसताना न्यूयॉर्कचा भाव ८८ सेंटच्या वर जायला हवा. शुल्क असतानाही तो ८० च्या घरात हवा. पासष्टवरून ऐंशी ही लहान उडी नव्हे.

आता बापाचा प्रश्न परत घ्या: इकू का ठेवू? उत्तराचा अर्धा भाग हातात आला. भाव चढेल या आशेवर घरात ठेवण्यात तेव्हा फारसा अर्थ दिसत नव्हता. व्यापाऱ्याला घाईने देण्यातही नव्हता. शहाणपण होतं ते नोंदणी करून, कापूस वाळवून भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला घालण्यात.

वाळवून का म्हटलं? सीसीआयचं माप ८ टक्के ओलाव्यावर आहे. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे टक्का भाव कापतात आणि १२ च्या वर घेतच नाहीत. १० टक्के ओलाव्याचा कापूस असेल, तर ८,११० चे साधारण ७,९४८ होतात. त्या मुलाच्या वडिलांनी १२ क्विंटल ६,८०० ने दिला. क्विंटलमागे ११४८ चा फरक. बारा क्विंटलचे पावणेचौदा हजार. अभ्यासिकेची फी, पुस्तकं आणि परीक्षेला जायचं भाडं, सगळं त्यात आलं असतं.

कावळा आणि फांदी

इथे तत्त्वज्ञानाच्या मास्तरला थोडं बोलू द्या. "शुल्क काढलं आणि भाव पडला" हे वाक्य २०२५ च्या हंगामात सगळ्यांच्या तोंडी होतं. आपल्या शास्त्रात अशा जागी काकतालीय न्याय सांगतात. मराठीत म्हणायचं, तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. एकामागून एक घडलं म्हणून पहिलं दुसऱ्याचं कारण ठरत नाही. मग कसं ठरवायचं? तेच कारण पूर्वी कुठे घडलं होतं का, ते शोधायचं.

घडलं होतं. १४ एप्रिल २०२२ ला हेच शुल्क माफ झालं. तेव्हा भाव पडला का? नाही. मे २०२२ मध्ये रुईची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाखाच्या घरात पोचली होती. आपल्याकडे त्या हंगामात दहा हजारांच्या वर कापूस विकलेले कितीतरी जण या गावात आहेत. माफी तीच आणि परिणाम उलटा, कारण तेव्हा जगाचाच भाव चढलेला होता.

मग शुल्काचा काही परिणाम नाही का? आहे, आपण आताच पावणेपाचशे रुपये मोजले. पण शुल्क हे विहिरीच्या काठासारखं आहे. विहिरीत पाणी किती, ते जगाच्या बाजारावर ठरतं: ब्राझीलचं पीक किती आलं, चीन किती घेतो, खनिज तेलाच्या भावानुसार पॉलिएस्टर किती स्वस्त पडतं, यावर. म्हणून "शुल्कामुळेच पडला" हेही अर्धसत्य आणि "शुल्काचा संबंधच नाही" हेही अर्धसत्य.

हे आजचं नाही

कुणाला वाटेल, जागतिकीकरणानंतर हे असं झालं. नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इंग्रजांची नजर मुंबईमार्गे वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून त्यांच्या ताब्यात आलेलंच होतं. भाव असे चढले, की मुंबईत शेअरबाजाराला वेड लागलं. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे जनरल लीने शरणागती पत्करली आणि इकडे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने लीचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही. पण त्याच्या शरणागतीची किंमत यानेही मोजली.

त्यानंतर दोनच वर्षांत रेल्वे नागपूरला पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या कंपनीने आपल्या मूर्तिजापुरातून अडीच फुटी रूळ दोन दिशांना टाकले, एक यवतमाळला आणि एक अचलपूरला. तीच आपली शकुंतला. ती आता बंद आहे. आपण तिला प्रेमाने आठवतो, तिच्यातून लग्नाला आणि शाळेला गेलो. पण ते रूळ आपल्यासाठी नव्हते, कापसासाठी होते. मूर्तिजापूर जंक्शन झालं ते मँचेस्टरमुळे. म्हणजे जग आपल्या गावात सव्वाशे-दीडशे वर्षांपासून येतंच आहे. आपण मात्र त्याला 'सामान्य ज्ञान' म्हणून वेगळ्या वहीत ठेवतो.

सांगणारा कोण?

आता राहिलेला अर्धा भाग. त्या मुलाच्या वडिलांनी घाई का केली? मोबाईलवर एक संदेश फिरत आला होता: "सीसीआयने यंदा खरेदी रद्द केली, माल काढून टाका." तो खोटा होता. खरेदी झाली. फक्त २०२५-२६ च्या हंगामात 'कपास किसान' या ॲपवर आधी नोंद करायची होती.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बातमी जवळजवळ सगळी शब्दावर चालते. वॉशिंग्टनला काय झालं, ते आपण डोळ्यांनी बघत नाही. म्हणून नैयायिकांनी अट घातली, की शब्द प्रमाण, पण आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! ज्याला विषय प्रत्यक्ष माहीत आहे आणि जो जसं आहे तसं सांगू इच्छितो, तो आप्त. नेमका घोटाळा इथेच होतो. संदेश भाच्याने पाठवला म्हणून आपण खरा मानतो. भाचा नात्याने आप्त असेल, पण सीसीआयच्या खरेदीबाबत नाही. खरेदीबाबत आप्त म्हणजे महामंडळाचं केंद्र, बाजार समिती. तिथे एक फोन करायचा होता. घरात शिकलेला मुलगा होता, त्याने करायचा होता.

एक गोष्ट मात्र मान्य करू. आम्ही हे बोललो तेव्हा तो मुलगा म्हणाला, "सर, संदेश खोटा निघाला हे खरं. पण व्यापाऱ्याने जागेवर नगद दिले. किराणावाल्याची उधारी होती." हे आम्ही खोडू शकत नाही. ज्याचा गळा उधारीत अडकला आहे, त्याला पैसे बँकेत जमा होईपर्यंत थांबता येत नाही. ज्ञानाने सगळं सुटतं, असं आम्ही म्हणणार नाही. पण ठाऊक असून नाइलाजाने विकणं वेगळं आणि फसून विकणं वेगळं. पहिल्यात निदान बारातले सहा क्विंटल मागे ठेवता येतात.

चार प्रश्न

तेव्हा पुढची कोणतीही घडामोड वहीत लिहाल, तेव्हा तिच्या शेजारी चार प्रश्न लिहा. हे कोण सांगतं आणि त्याला ते कसं माहीत? हे का झालं आणि पूर्वी तेच झालं तेव्हा काय घडलं होतं? यात कुणाचा फायदा, कुणाचा तोटा? आणि चौथा, माझ्या घरापर्यंत हे कोणत्या वाटेने येतं? पहिल्या तिघांनी परीक्षेतला निबंध सुधारेल, मुलाखत सुधारेल. चौथ्याने घर सुधारेल.

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. आपल्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी त्यांचं बालपण गेलं. ते शाळेत गेले नाहीत, पण त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्याला विचारलेले प्रश्न. उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. त्यांनी कुणाला माहिती पाठ करायला लावली नाही, विचार करायला लावलं. त्यांच्या तालुक्यातल्या पोरांनी निदान एवढं करावं: आज संध्याकाळी घरी गेल्यावर वही उघडून बापाशेजारी बसा, आणि हे तीन आकडे त्यांना समजावून सांगा. ते जे उलटे प्रश्न विचारतील, ते आमच्याकडे घेऊन या. पुढचं व्याख्यान त्यावरच घेऊ.