रामल्ला, सेवाग्राम आणि शांत बसणारी माणसं

  आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, भिलाईच्या रेल्वे यार्डाशेजारी बसून हा माणूस पॅलेस्टाईनबद्दल काय सांगणार? शंका रास्त आहे. मी तिकडे गेलेलो नाही. पण या गोष्टीचा एक धागा वर्ध्यातून जातो, दुसरा होशंगाबादेतून, आणि ही दोन्ही गावं आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवरची आहेत.

आधी क्वेकर म्हणजे कोण ते पाहू. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसाभोवती हा ख्रिस्ती पंथ उभा राहिला. ते स्वतःला ‘फ्रेंड्स’, म्हणजे मित्र म्हणवतात. ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारे, हे नाव लोकांनी चिडवण्यासाठी ठेवलं आणि तेच चिकटलं. त्यांचं मूळ म्हणणं असं की प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा अंश आहे. एवढं एक मान्य केलं की बाकीचं ओळीनं येतं. मग मध्ये पाद्री कशाला? आणि समोरच्याच्या आतही तोच अंश असेल तर त्याला मारायचं कसं? १६६० मध्ये त्यांनी राजाला लिहून कळवलं की आम्ही कुठल्याही कारणासाठी शस्त्र उचलणार नाही.

त्यांची प्रार्थना म्हणजे गोल किंवा समोरासमोर गप्प बसणं. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उभा राहतो, दोन वाक्यं बोलतो, पुन्हा शांतता. सभेचा कारभारही तसाच. मतदान नाही. ‘क्लार्क’ नावाची व्यक्ती सगळ्यांचं ऐकते, सभेचा कल ओळखते, ठराव तिथंच लिहून वाचून दाखवते. कुणाचा मनापासून विरोध असेल तर थांबायचं. आमच्या गणेश मंडळात ही पद्धत आणली तर वर्गणीचा आकडा ठरेपर्यंत दिवाळी उजाडेल! पण गंमत सोडा, हळू चालणारी ही सवय पुढे फार कामाला आली.

भारतात रेचेल मेटकाफ ही क्वेकर बाई १८६६ मध्ये आली. पुढे होशंगाबाद हा त्यांचा मुख्य जिल्हा झाला. शाळा, दवाखाने, दुष्काळातलं काम, नेहमीचं मिशनऱ्यांचं सगळं. होशंगाबादजवळचं रसूलिया केंद्र मात्र वेगळ्या वळणावर गेलं. १९७२ मध्ये किशोर भारती या संस्थेबरोबर त्यांनी १६ माध्यमिक शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा प्रयोग सुरू केला. तोच प्रसिद्ध होशंगाबाद विज्ञान. तेव्हा आपण सगळे एकाच मध्य प्रदेशात होतो, त्यामुळे आमच्या पिढीतल्या मास्तरांना हे नाव नवं नाही.

आता वर्धा. २० नोव्हेंबर १९३८ रोजी गांधीजींनी सेगावहून, म्हणजे आजच्या सेवाग्रामहून, ज्यूंवर एक लेख लिहिला. तो ‘हरिजन’मध्ये छापून आला. ज्यूंच्या छळाबद्दल त्यांना कळवळा होता, पण अरबांच्या भूमीवर ज्यूंना लादणं त्यांना अन्याय वाटत होतं. जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, असंही त्यांनी सुचवलं. त्यावर मार्टिन बूबर यांनी जेरुसलेमहून कडक उत्तर लिहिलं. मला बूबरांच्या उत्तरात वजन वाटतं. हिटलरच्या छळछावणीत सत्याग्रहाला साक्षीदार कुठून मिळणार, हा प्रश्न गांधीजींना पुरता सुटला नव्हता. हा साक्षीदाराचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

१९४९ मध्ये मार्जोरी साइक्स ही इंग्रज क्वेकर शिक्षिका सेवाग्रामला आली आणि सुमारे दहा वर्षं नई तालीमच्या शिक्षकांना घडवत राहिली. भारताचं नागरिकत्व घेतलेली ही बाई. त्याच वर्षी डिसेंबरात जगभरचे शांततावादी आधी शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्रामात जमले. ही सभा गांधीजींच्या हयातीतच ठरली होती. ती ठरवण्यात त्यांचे क्वेकर मित्र होरेस अलेक्झांडर होते. १५ ऑगस्ट १९४७ ला कलकत्त्यात गांधीजींजवळ होते तेच हे.

आणि ही मंडळी सेवाग्रामात बसून शांतिसेनेची चर्चा करत होती, नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकन क्वेकरांची संस्था गाझात धान्य वाटत होती. १९४७ चं शांततेचं नोबेल या संस्थेला आणि तिच्या ब्रिटिश भावंडाला मिळून दिलं गेलं होतं. १९४८ च्या युद्धात घरंदारं सोडून सुमारे दोन लाख निर्वासित गाझाच्या चिंचोळ्या पट्टीत आले. संयुक्त राष्ट्रांनी क्वेकरांना गळ घातली. त्यांनी तंबू, पीठ, दूध, दवाखाने पाहिले, निर्वासितांतलेच शिक्षक घेऊन तंबूत शाळा भरवल्या. १९५० च्या वसंतात मात्र ते बाजूला झाले आणि काम संयुक्त राष्ट्रांच्या नव्या संस्थेकडे गेलं. का? त्यांचं म्हणणं असं की या लोकांना घरी परतायचंय, राजकीय तोडगा काढा. तोडग्याशिवाय आम्ही वर्षानुवर्षं पीठच वाटत राहिलो तर अन्याय कायम व्हायला आमचाच हातभार लागेल.

हा पेच खरा आहे. पीठ थांबवलं तर लेकरं उपाशी, चालू ठेवलं तर छावणी कायमची. त्यांचं निदान बरोबर निघालं, पण त्यानं छावणीतल्या कुणाचं काही सुटलं नाही. ती नवी संस्था पुढे कित्येक दशकं तेच वाटप करत राहिली. क्वेकरही पूर्ण सुटले नाहीत. ऑक्टोबर २०२३ नंतर त्यांचे गाझातले मोजके कर्मचारी, स्वतः बेघर झालेले, परत अन्न वाटत होते.

पण बाहेरून येऊन मदत करणारे एवढंच चित्र धरलं तर चूक होईल. वेस्ट बँकेतल्या रामल्ला गावात क्वेकरांनी १८६९ मध्ये मुलींची शाळा काढली, १९०१ मध्ये मुलांची. १९१० मध्ये तिथं प्रार्थनागृह उभं राहिलं. तिथले क्वेकर स्वतः पॅलेस्टिनी अरब आहेत. तुर्क, इंग्रज, जॉर्डन आणि १९६७ पासून इस्रायली लष्कर, सगळ्यांची राजवट त्यांनी पाहिली. सभेचे सभासद हातावर मोजण्याएवढे, तरी अमारी छावणीतल्या लहान मुलांसाठी त्यांनी बालवाडी चालवली. १९८७ च्या उठावानंतर लष्करानं वेस्ट बँकेतल्या शाळा महिनोन्‌महिने बंद ठेवल्या. तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांत घरगुती वर्ग भरले. लोकसमित्यांवर बंदी आली आणि पोरांना गणित शिकवणंही चोरून करायची गोष्ट झाली.

या सभेच्या क्लार्क म्हणून जीन झारू यांनी अनेक वर्षं काम केलं. रामल्लातच १९४० मध्ये जन्मलेल्या. त्यांचा आग्रह असा की अहिंसा म्हणजे सोसत बसणं नव्हे. घर पाडणं, रस्ता अडवणं, पाणी तोडणं हीसुद्धा हिंसाच आहे, फक्त तिचा आवाज होत नाही. तिला नाव द्यायचं, पण समोरच्या सैनिकातला माणूस नाकारायचा नाही. इथं बसून मला हे सोपं वाटतं. चौकीच्या रांगेत उभं राहून म्हणणं वेगळं.

आता परत साक्षीदाराकडे येऊ. लेबनॉनमधल्या ब्रुमाना गावी, जिथं क्वेकरांची जुनी शाळा आहे, १९६२ च्या पहिल्या दिवशी जागतिक शांतिसेना स्थापन झाली. तिच्या तीन अध्यक्षांपैकी एक आपले जयप्रकाश नारायण. ती फार टिकली नाही. पण १९८१ मध्ये कॅनडात पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल निघाली तेव्हा सेवाग्रामात वाढलेले नारायण देसाई आणि अमेरिकन क्वेकर चार्ल्स वॉकर दोघंही संस्थापकांत होते. युक्ती साधी. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्यासोबत निःशस्त्र परक्यानं चालायचं. मारणाऱ्याला कळतं की कुणीतरी बघतंय.

२००२ मध्ये चर्चच्या जागतिक परिषदेनं पॅलेस्टाईनसाठी याच जातीचा उपक्रम सुरू केला; ब्रिटनमधले स्वयंसेवक क्वेकर संस्थेनं पाठवले. तीन महिने राहायचं. पहाटे चौकीवर उभं राहून किती माणसं पार झाली ते मोजायचं, पोरांबरोबर शाळेपर्यंत चालायचं, ऑलिव्ह काढणीच्या वेळी शेतकऱ्याच्या बांधावर थांबायचं. परत गेल्यावर आपल्या गावात पाहिलेलं सांगायचं. हे एकतर्फी आहे, अशी टीका इस्रायलच्या समर्थकांनी पुष्कळ केली. उपक्रमाचं उत्तर असं की आम्ही भांडणात बाजू घेत नाही, पण कायदा आणि मानवी हक्क यांबाबत तटस्थही नाही. हा फरक कागदावर ठेवणं सोपं, रोज सकाळी चौकीवर सांभाळणं अवघड.

याचा परिणाम मोजायचा कसा, असं मला विचाराल. ताबा उठला नाही, हे उघड आहे. एखाद्या सकाळी एखादं पोर दगड न खाता शाळेत पोचलं, एवढीच नोंद त्यांच्या वहीत सापडते.

पुढच्या भागात नारायण देसाई आणि शांतिसेनेबद्दल सविस्तर बोलू. तोवर नमस्कार.