नागरिकत्वाच्या मुलाखतीची फाइल लावताय?

अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीचं पत्र आलं की आधी घरातले सगळे पासपोर्ट शोधा. सगळे म्हणजे मुदत संपलेले, कोपरा कापलेलेसुद्धा. ग्रीन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स आणि ते पत्र तर हवंच.

एन-४०० अर्जात गेल्या ५ वर्षांतल्या परदेशवाऱ्या लिहिलेल्या असतात आणि अधिकारी त्यावर प्रश्न विचारू शकतात. मी जेवणाच्या टेबलावर दोन पासपोर्ट उघडे ठेवून शिक्के जुळवले, तर गणपतीची एक वारी अर्जात राहूनच गेली होती! तारखा कागदावर लिहून नेल्या आणि आपणहून सांगितल्या. एखादी वारी ६ महिन्यांहून लांबली असेल तर त्या काळातले नोकरीचे, घरभाड्याचे, कराचे पुरावे जोडाच.

आता आपल्याकडची खास अडचण. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं, आडनावही बदलतं. म्हणून विवाहाचा मूळ दाखला न्या. तो मराठीत असेल तर शिक्क्यांवरच्या मजकुरासकट पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने खाली सहीनिशी लिहायचं. नोटरीची सक्ती नाही.

कराच्या ट्रान्स्क्रिप्ट आयआरएसच्या साइटवर फुकट मिळतात. ५ वर्षांच्या काढा. नागरिक जोडीदारामुळे अर्ज केला असेल तर ३. कधी अटक झाली असेल, तर खटला निकालात निघाला असला तरी कोर्टाची प्रमाणित प्रत घ्या. ती मिळायला वेळ लागतो, आजच अर्ज टाका.